काढून ठेवलेल्या पेटीने लावलेला फोर-व्हील

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता आणि असल्या गप्पांत मी कधी बसलोही नाही. माझ्या गॅरेजात येणाऱ्या गाड्यांची लिंबू-मिरची मी स्वतः सोडून बाजूला ठेवायचो, कारण तिचा दोरा कशात ना कशात गुंततो. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. करंट असेल तर दिवा लागतो, नसेल तर लागत नाही... एवढाच माझा धर्म. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कराडला कोल्हापूर नाक्याजवळ हायवेला लागून माझं गॅरेज होतं. सोबत दस्तगीरभाई – इंजिनाचं काम त्यांचं, वायरिंग माझं. आमच्याकडे एक सुभेदार गाडी घेऊन यायचे. फौजेतून रिटायर होऊन कराडला घर बांधून राहिले होते. त्यांच्या मेव्हण्याने परदेशातून एक मोठी जीपसारखी गाडी आणली होती आणि परत जाताना ती यांच्याकडे ठेवली होती. आपल्याकडच्या जीपला फोर-व्हील लावायला दांडा ओढावा लागायचा. हिला डॅशबोर्डवर नुसतं बटण. बटण दाबलं की सीटखालची एक पेटी – कंट्रोल मॉड्यूल – गाडीच्या पोटातल्या मोटरला हुकूम द्यायची, मोटर फिरायची आणि पुढची चाकंही ओढायला लागायची. समोर हिरवा दिवा पेटायचा. तशी गाडी त्या भागात दुसरी नव्हती.

ती पेटीच बिघडली. बटणाला हात न लावता, डांबरी रस्त्यावर गाडी चालू असतानाच फोर-व्हील लागायचा आणि स्टिअरिंग एकदम जड व्हायचं. एकदा घाटात वळणावर तसं झालं आणि गाडी कठड्याला घासून थांबली. सुभेदार आले ते सरळ म्हणाले, "वसंता, ही पेटी काढून टाक. फोर-व्हील नसला तरी चालंल, पन ही मला मारनार."

मी पेटी काढली. तिचा मोकळा झालेला प्लग टेपने घट्ट गुंडाळला आणि सीटखाली बांधून टाकला. पेटी उघडली तर आत दोन छोटे रिले काळवंडलेले. पुण्यात तसे मिळतात का बघावं म्हणून ते सोल्डरचे डाग वितळवून सोडवले आणि एका स्टीलच्या वाटीत टाकले. रिले म्हणजे करंट आला की 'टक' करून आत चिकटणारा स्विच, बाकी काही नाही. सुभेदारांनी मेव्हण्यालाही नवी पेटी पाठवायला सांगितलं होतं. ती येईपर्यंत गाडी नुसत्या मागच्या चाकांवर चालणार होती.

मग एके सकाळी सुभेदारांचा गॅरेजवर फोन आला. त्यांचे वडील, अण्णा, आटपाडीच्या पुढं वस्तीवर एकटेच राहायचे. डाळिंबाच्या बागेत पाय घसरून पडले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. आडवं झोपवूनच आणायला हवं होतं आणि तेवढी जागा या गाडीतच होती. गाडी अजून माझ्याकडेच उभी. "मी पण येतो," म्हणालो. अर्धवट काम झालेली गाडी अशा वेळी एकट्याच्या हाती देणं मला बरं वाटेना.

विटा, खानापूर करत दुपारी पोचलो. वस्तीच्या अलीकडे नदीचं पात्र लागतं. तिथला फरशी-पूल आदल्या पावसात वाहून गेला होता, त्यामुळे सगळे कोरड्या वाळूतूनच ये-जा करत. जाताना रिकामी गाडी वेगात निघून गेली. गावातल्या डॉक्टरने अण्णांच्या पायाला फळ्या बांधून ठेवल्या होत्या. आम्ही मागची सीट पाडून गादी टाकली आणि वस्तीवरच्या दोघांना हाताशी घेऊन चौघांनी उचलून त्यांना आत झोपवलं. म्हातारा हूं की चूं करत नव्हता. फक्त म्हणाला, "वायरमन, गचके कमी बसूंद्या."

हस्ताचा पाऊस सुरू होता, पण आमच्या डोक्यावर नव्हता... वर, नदी जिथून येते त्या माण तालुक्याच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं. परतताना पात्रात मध्यावर आलो आणि मागची चाकं रुतली. अण्णांना गचके नकोत म्हणून सुभेदारांनी गाडी हळू घेतली होती, तेच नडलं. वाळू खालून ओली झालेली. जेवढा ॲक्सिलरेटर द्यावा तेवढी गाडी बसत गेली. मी उतरलो, हातांनी वाळू उपसली, काठावरच्या बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घातल्या. फांद्या मोडून मागे फेकल्या गेल्या.

मग आवाज आला. ज्यांनी कोरड्या नदीला पाणी येताना ऐकलंय त्यांना सांगायला नको. लांबून कुणी खडीचा ट्रक ओततंय असं वाटतं. वळणावर आधी फेस दिसला, मग काटक्या, मग गढूळ पाणी. बघता बघता ते माझ्या घोट्याला लागलं, मग पोटरीला.

मी ओरडलो, "सुभेदार, अण्णांना उचलूया, आपण दोघं..."

"दोघास्नी उचलायचे न्हाईत त्ये," ते शांतपणे म्हणाले. "आन वाळूत पाय रुतल्याला मानूस पान्यात पडतोच. तू काठाला लाग, वसंता. मी अण्णास्नी सोडून येत न्हाई."

आतून अण्णा बोलले, "लेका, तूबी जा की. माझं झालंय समदं."

"गप पडा आवं."

मी गेलो नाही. शौर्य म्हणून नव्हे, पाय हलेनात म्हणून. मी गाडीच्या समोर, बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा होतो, मागे ढकलून काही होतंय का बघत. माझी नजर खाली पुढच्या चाकांवर होती. ही चाकं मघापासून मेल्यासारखी स्थिर होती. मागची फिरत होती, पुढची नाही. नसणारच, त्यांना फिरवणारी पेटी कराडात माझ्या टेबलावर उघडी पडली होती.

आणि गाडीच्या पोटात 'घर्रर्र' झालं.

तो आवाज मी ओळखतो. फोर-व्हील लावणाऱ्या मोटरचा आवाज. पुढचं डावं चाक माझ्या डोळ्यांदेखत थरथरलं आणि फिरलं. मग उजवं. त्यांनी वाळू धरली. गाडी माझ्या छातीवर आली, मी कसाबसा बाजूला झालो आणि दाराला लोंबकळलो. एखादा बैल जोखड अंगावर घेऊन उठतो तशी ती उठली आणि सरळ काठ चढून वर जाऊन थांबली.

मागे वळून पाहिलं तर आम्ही जिथे होतो तिथे फांद्या गोल फिरत होत्या आणि पाणी माणसाच्या कमरेच्या वर होतं.

डॅशबोर्डवर हिरवा दिवा जळत होता.

सुभेदारांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. बोटं पांढरी पडलेली. ते म्हणाले, "मी बटन दाबलं न्हाई, वसंता."

"दाबून काही झालंही नसतं," मी म्हणालो.

मी सीटखालचा गालिचा उचलला. पेटीची जागा रिकामी. प्लग मी बांधला तसाच, टेप गुंडाळलेला, कोरडा खडखडीत. किल्ली बंद करून परत चालू केली तर दिवा नाही. बटण दाबलं, दिवा नाही. रात्र पडता पडता कराडला अण्णांना दवाखान्यात दाखल केलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच दस्तगीरभाई म्हणाले, "वसंत, तुझ्या टेबलाला करंट उतरतोय का बघ बाबा."

"का?"

"काल दुपार कलल्यावर, आसरच्या नमाजला निघालो होतो. त्या वाटीत टक झालं. मी थांबलो. परत टक झालं. वाटी हलली गड्या, मी बघितलं. मग मी मेन स्विचच बंद करून गेलो."

आम्ही वाळूत होतो तेव्हा सूर्य कलायला लागला होता. नेमकी तीच घटका, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण वेळ तीच होती.

वाटीतले दोन्ही रिले मी उचलले आणि मीटर लावला. दोन्हींच्या कॉइलची तार आतून तुटलेली. बॅटरीच्या वायरी थेट लावून पाहिल्या – काही नाही. ते रिले वाजूच शकत नव्हते. जगातल्या कुठल्याही टेबलाचा करंट त्यांना वाजवू शकला नसता.

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पाण्याने कुठेतरी शॉर्ट झाला असेल. मी म्हटलं, सर, मोटरला एक शॉर्ट, दिव्याला दुसरा, दोन्ही एकाच क्षणी, तेही कोरड्या टेपच्या आत? दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन त्यांनी स्वतः टेप सोडून प्लग पाहिला आणि परत गुंडाळून ठेवला.

पुढे परदेशातून नवी पेटी आली. मी बसवली. बटण दाबलं की फोर-व्हील लागायचा, परत दाबलं की सुटायचा, कधी तक्रार आली नाही. नंतर मेव्हण्याने गाडी विकून टाकली.

अण्णा त्या आजारातून उठले. काठी घेऊन हिंडायला लागले आणि पुढे बरीच वर्षं जगले. सुभेदारांच्या घरी गेलो की मला जवळ बसवून घ्यायचे आणि दरवेळी एकच विचारायचे.

"वायरमन, त्या दिशी आपल्याला वढून काडलं त्ये कोन रं?"

"गाडीनंच काढलं की, अण्णा."

म्हातारा काठी जमिनीवर आपटायचा.

"गाडी तर आदुगरबी तीच हुती."