मंडळी सोडून गेलेले

बुधवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको उंबऱ्यात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो. म्हशीनं दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं.

"अवो, चर्चला मेसेज टाका. म्हशीसाठी प्रार्थना करा म्हणावं," ती म्हणाली.

"म्हशीसाठी कोण प्रार्थना करतंय गं?"

"दूध पिताना लाज वाटत न्हाय, आन् प्रार्थनेला वाटतीया व्हय?"

मी चौथीपर्यंत शिकलेला. एका बोटानं टाइप करून धाडलं.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. निपाणीच्या दवाखान्यात नेलं, पण दिवे लागायच्या आत संपलं. आमचे पाळक बाहेरगावी होते, म्हणून सदलग्याच्या पाळकांनी येऊन माती दिली. मी त्याच बोटानं चर्चला कळवलं, 'आमची मंडळी आम्हाला सोडून गेली.' बायकोला मी जन्मभर मंडळीच म्हणत आलो. नाव घ्यायची आमच्या घरात रीत नाही.

रविवारी आमच्याकडं निवर्तलेल्यांची नावं वाचतात आणि सगळं चर्च उभं राहतं. दुखरे गुडघे घेऊन ती परक्यांच्या नावालाही उभी राहायची. आता तिच्या नावाला लोकांनी उभं राहावं, एवढंच मला पाहिजे होतं. त्या रविवारी आजाऱ्यांमध्ये आमची म्हैस वाचली गेली. बायकोचं नाव आलंच नाही.

उपासना सुटल्यावर तडक ऑफिसात गेलो. तिथली बाई नवीन, बेळगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. लोकांचे मेसेज ती कॉम्प्युटरात फोल्डरवार लावते, आजारी एकीकडं, निवर्तलेले एकीकडं. तिनं शोधलं. माझा मेसेज 'मंडळी सोडून गेलेले' या फोल्डरात सापडला. आपलं चर्च सोडून दुसऱ्या चर्चला गेलेल्यांचा तो फोल्डर.

"आप्पा, तुम्हीच तसं लिहिलंय की. मंडळी म्हणजे चर्च ना?"

"मंडळी म्हणजे बायको, बाई. तुमच्यात काय म्हणतात?"

"मिसेस."

"मग आता हलव तिला तिथनं."

"नवीन मेसेज टाका, आप्पा. त्याशिवाय सिस्टीम घेत नाही. आणि या वेळी स्पष्ट लिहा."

माझं डोकं फिरलं. जिनं दर शनिवारी या चर्चची फरशी पुसली, ती चर्च सोडून गेली असं तुम्ही लिहून ठेवायचं, आणि स्पष्ट लिहायला मला शिकवायचं? म्हशीला मी सरळ म्हैस लिहिलं, म्हणून ती बरोबर जागी गेली. बायकोला मानानं मंडळी लिहिलं, तर ती पळून गेलेल्यांत. मी बाईला हे सगळं ऐकवलं. तरी तिनं फोल्डर काही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसलो. बाई कुलूप काढत होती, तेव्हा मोबाइल काढून लिहिलं, 'माझी बायको मेली.' खाली तिचं नाव लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा. मग आत जाऊन बाईच्या खुर्चीमागं उभा राहिलो, आणि ते नाव निवर्तलेल्यांत जाईपर्यंत हललो नाही.