पदराखालचा लोटा

“वहिनी, पाणी!”

भाऊजी समोर उभे. ओठांवर फेस, पाय थरथरत होते. पितळेचा लोटा माझ्या पदराखाली होता, अर्धा भरलेला. मी म्हणाले, “संपलं.”

हे आजवर कुणालाही सांगितलं नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लांबच्या शर्यतीत इंदुरात त्यांना तोड नव्हती. परदेशीपुऱ्यात लोक म्हणायचे, “भिया, याला पकडायचं तर सायकल आण!” त्या वर्षी मिलवाल्यांनी सांगितलं — शर्यतीत पहिला येईल त्याला पक्की नोकरी. आमचे हेही धावणार होते. दोघे भाऊ मिलमध्ये बदली कामगार, कुणी रजेवर गेलं तरच काम. माझ्या पोटात तिसरं मूल. भाऊजींचं तर लग्नही झालेलं नव्हतं. मग माझ्या मनात काय आलं असेल? कळलंच ना.

तेव्हा एक रीत होती. धावणाऱ्याने पाणी प्यायचं ते आपल्या घरच्या भांड्यातलंच. पैजा लागायच्या, कुणी पाण्यात काही कालवलं तर? म्हणून पलासियाच्या वळणावर मी उभी होते. शेजारी दुसऱ्यांचे माठ भरलेले होते. भाऊजींनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. “बरं,” म्हणाले आणि पळाले. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

मागून हे आले. लोट्यातलं पाणी यांना पाजलं.

पुढे भाऊजी रस्त्यात कोसळले. दोन दिवस शुद्ध नव्हती. मी देवासमोर बसले नाही — काय मागणार होते? ते उठले, पण पाय ओढतच. पुन्हा कधी धावले नाहीत. मिलच्या गेटवर चहा विकला. हे पहिले आले, मिलमध्ये पक्के झाले. यांनी मला काही विचारलं नाही. फक्त त्या लोट्यातून पुन्हा कधी पाणी प्याले नाहीत.

म्हणजे यांना कळलं होतं. मग भावाला सांगितलं असेल का?

भाऊजी आमच्याकडेच राहतात. परवा नातीने विचारलं, “आजोबा, तुम्ही पडलात कसे?”

“पाणी संपलं होतं, बेटा. तुझी आजी तरी काय करणार?”

बोलले तिच्याशी, बघत होते माझ्याकडे. माझी पोळी तव्यावर जळली.

रोज जेवताना ते हाक मारतात — “वहिनी, पाणी.” तांब्या भरलेला असतो, तरी आधी मी आत डोकावून बघते.

लोट्यातलं पाणी प्याले ते गेले. भाऊजी आहेत. मी आहे.