पाचव्या प्रश्नाला मी खोटी ठरले

"बॅग उघडा," एचआरचे साहेब म्हणाले.

मी उघडली. पाकीट, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, लेकीच्या शाळेचा फॉर्म. लेडी गार्ड नेपाळी होती, तिला माझ्याकडे बघवत नव्हतं. मग डबा. डबाही उघडायला लावला. साहेबांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं आणि तिने पेनाच्या टोकाने माझी गवारीची भाजी उकरून पाहिली. त्या ऑफिसात मी दोन तास होते, त्यातला एक खुर्चीत वायरींनी जखडलेली. सोनं मला लांबूनही दिसलं नव्हतं.

"प्रोसिजर आहे मॅडम. टेस्ट फेल झाली की करावंच लागतं." हे मराठीत. साहेब पुण्याचे.

भाजी मी बाहेर येऊन कचऱ्यात टाकली. पेन कुणाकुणाच्या तोंडात गेलं असेल कोण जाणे.

दुबईच्या बर दुबई भागातली ही सोन्याची घाऊक कंपनी. स्टॉक तपासायची नोकरी. हेच काम मी दुसऱ्या एका कंपनीत अकरा वर्षं केलं. रोज संध्याकाळी ट्रे वजन करून द्यायचे. एक ग्रॅम कधी इकडचा तिकडे झाला नाही. ती कंपनी बंद पडली आणि माझा व्हिसा कॅन्सल झाला. माझ्या व्हिसावर लेकीचा व्हिसा. नवरा चार वर्षांपूर्वी वारला. ठरलेल्या मुदतीत नोकरी लागली नाही तर शेजारच्या अजमानमधली भाड्याची खोली सोडून दोघींनी चालू लागायचं. लेक तेरा वर्षांची आहे, इथेच जन्मली. भारत तिला फक्त सुट्टीतला ठाऊक.

या नोकरीचे सगळे राउंड मी पार केले होते. शेवटी राहिली होती ती लाय डिटेक्टर टेस्ट. सोन्याच्या धंद्यात काही मालक घेतात. मला भीती नव्हती. चोरी केलीच नाही तर मशीन काय काढणार?

मशीनच्या खोलीकडे नेताना साहेब गप्पा मारत होते.

"आडनाव कुठल्या बाजूचं म्हणायचं?"

"अकोल्याकडचं, सर."

"हे आडनाव दोन्हीकडे असतं ना?"

कुठल्या दोन्हीकडे, ते बोलले नाहीत. आपल्या माणसाला ते बोलावं लागत नाही. इथे पठाण ड्रायव्हर विचारतो, इंडिया में कहां से? मुंबईजवळ म्हटलं की त्याचं समाधान होतं. मराठी माणसाचं होत नाही. त्याला आडनाव लागतं, आडनावावरून पत्ता लागला नाही तर गाव लागतं, गावावरूनही लागला नाही की तो देवघरात शिरतो.

"गणपती असेल ना घरी? किती दिवसांचा?"

"दीड दिवसाचा," मी म्हणाले.

"अरे वा. आमचाही दीडच." साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. लिफ्टचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.

आमच्या घरी गणपती बसत नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले ते कायमचे. दीड दिवसाचा गणपती मी दुबईत आल्यावर तयार केला. अल मनखूल भागात एका मराठी कुटुंबाकडे खोली बघायला गेले होते, तिथे खरं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी खोली "ऑलरेडी गेली" होती. तेव्हापासून मी हे उत्तर देते. पाच दिवसांचा म्हटलं तर लोक दर्शनाला येतो म्हणतात. दीड दिवसाचा बरा पडतो, कुणी यायच्या आत विसर्जन झालेलं असतं.

टेस्ट घेणारा गोरा होता. छातीला पट्टे, दंडाला बीपीचा पट्टा, बोटांना चिमटे. त्याने आधी सगळे प्रश्न वाचून दाखवले. मालकाचा माल चोरला आहे का. कुणाला स्टॉकची माहिती विकली आहे का. पाचवा प्रश्न होता, या कंपनीतल्या कुणाशी आज तुम्ही खोटं बोललात का?

"काही खुलासा करायचा असेल तर आत्ता करा," तो म्हणाला. साहेब तिथेच कोपऱ्यात बसले होते, मोबाइल बघत.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "नथिंग" म्हणाले. चूक माझी, ती मी कुणावर ढकलत नाही. मग त्याने एकेक प्रश्न तीन-तीनदा विचारला. चोरीच्या प्रश्नांना मशीन गप्प होतं. पाचव्याला मी नो म्हणाले आणि माझ्या छातीत जे धडधडलं ते मलाच ऐकू आलं. तिन्ही वेळा तसंच.

रिपोर्टवर कोणता प्रश्न, कसलं खोटं, काही नव्हतं. फेल. एवढंच.

मला नोकऱ्या शोधून देणारा एजंट म्हणाला, "ये बात किसी को मत बताना मॅडम. फॉर्म में नो लिखो, खलास." मी तसंच केलं. पुढच्या कंपनीच्या फॉर्मवर रकाना होताच, याआधी अशा टेस्टमध्ये फेल झाला आहात का? नो. मॅनेजरने फॉर्म बाजूला ठेवला. "आपका उधर कुछ हुआ था ना?" सोन्याचा बाजार केवढा, एका गल्लीत शिंक आली तर दुसऱ्या गल्लीला कळते. त्याच्या पुढच्या कंपनीने तर मला रिसेप्शनच्या आत घेतलं नाही. म्हणजे बाजारात मी चोर झाले होते. अकरा वर्षांचं माझं काम गेलं आणि कुणीतरी पेनाने उकरलेला डबा तेवढा राहिला.

मग साहेबांचा फोन. "ताई, आपल्यातल्या म्हणून सांगतो. काय लपवलंय ते लिहून द्या. परत टेस्ट घेऊ. मी बोलतो मालकांशी."

आपल्यातल्या. मला शिवी हासडावीशी वाटली. "उद्या येते सर," एवढंच म्हणाले.

त्याच संध्याकाळी लेक फोनवर होती. मैत्रिणीची आई काहीतरी विचारत असावी, कारण लेक म्हणाली, "वन अँड अ हाफ डेज, आंटी. येस, एव्हरी इयर." आणि पुढे मोदकांचं बोलायला लागली. बोलता बोलता पायाच्या नखांना पॉलिश लावत होती. हात हलला नाही. रंग नखाबाहेर गेला नाही. तिला त्या खुर्चीत बसवलं असतं तर ती पास झाली असती.

मी कधीच तिला बसवून शिकवलं नव्हतं. ऐकून ऐकून शिकली.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, "परत फोन कर. खरं सांग आंटीला."

"व्हाय शुड आय? यू से इट टू."

"आता नाही म्हणणार."

"देन यू फर्स्ट, मम्मा." तिने बाटलीचं झाकण लावलं आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले. खुर्चीत बसले नाही.

"सर, मी तुमच्याशी खोटं बोलले. आमच्या घरी गणपती नसतो. आम्ही बौद्ध आहोत. मशीनने पकडलं ते हे."

साहेब हसले. "अहो, एवढंच? मी सहज विचारलं होतं. आम्ही असलं काही मानत नाही."

"मग विचारता कशाला?"

हसू गेलं. समोरचे कागद सारखे करत म्हणाले, "बरं, गुरुवारी परत टेस्ट करून टाकू. इन्शाल्ला होऊन जाईल."

"मी नाही बसणार. आधी तुम्ही त्या खुर्चीत बसा. मी एकच प्रश्न लिहून देते. सहज विचारलं होतं का? मशीनला ठरवू दे."

"मॅडम, भाषा सांभाळा. नोकरी तुम्हाला हवी आहे."

"हवी आहे. फार हवी आहे. पण माझ्या रिपोर्टवर लिहा, कोणता प्रश्न आणि का. लिहून द्या, सही करा."

सही मिळाली नाही. गार्डला बोलावलं. तीच नेपाळी बाई मला लिफ्टपर्यंत सोडायला आली.

ही गोष्ट होऊन आठवडा झाला. मुदतीचे अकरा दिवस राहिलेत. रोज अर्ज भरते. तो रकाना आला की येस लिहिते आणि खाली लिहिते, माझी जात काढायला विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं म्हणून. एजंटने माझे फोन घेणं सोडलंय. सोडू दे. कुणी बोलावलं आणि गावाच्या मागून देवघरात शिरायला लागला, तर त्याला दारातच सांगणार आहे. नाही बोलावलं तर बाराव्या दिवशी विमानात बसेन, लेकीला घेऊन. पण माझ्या घरातून आता हे खोटं कुणीही बोलणार नाही. इथे नाही, तिथेही नाही.