भाऊजींच्या तोंडावरची सावली

मी हार्डवेअरचा दुकानदार माणूस. साकोलीला हायवेवर आधी वडिलांनी आणि मग मी दुकान चालवलं. खिळा मागितला की किती इंची, दोर मागितला की किती हात, हे विचारल्याशिवाय मी जागचा उठत नसे. भुताखेताचं कोणी सांगायला लागलं की माझा एकच प्रश्न — "तू स्वतः पाह्यलं का?" मग तो सांगायचा, नाही, मामाच्या मित्रानं पाहिलं. झालं! इथं तुम्ही लोक लिहिता त्यातल्याही निम्म्या गोष्टी मामाच्या मित्राच्याच असतात, राग मानू नका. ही मात्र माझी स्वतःची आहे, आणि भर दुपारी अडीच वाजता घडलेली आहे. "काका, घेतली होती का?" असं खाली लिहिणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो... मी आजवर सुपारीसुद्धा खाल्लेली नाही. नात टाईप करून देते आहे, तीही हसते आहे. हसू दे.

एकाहत्तर साल. शिकारीवर सरसकट बंदी यायची होती. जंगल खात्याकडे अर्ज केला की जंगलाचा एखादा ब्लॉक काही दिवसांसाठी मिळायचा आणि परवान्यावर लिहून यायचं — एक सांबर, नर. मी सव्वीस वर्षांचा होतो. वडिलांची एकनळी बंदूक होती, लायसन होतं, आणि डोक्यात एकच खूळ होतं की सांबर मारायचं, तेही वाटाड्या न घेता. लोक शिकारीला जायचे तेव्हा जंगलाकाठच्या गावातला माणूस सोबत घ्यायचे. जनावर तो शोधणार, वारा तो पाहणार, बसायची जागा तो दाखवणार, आणि साहेबांनी फक्त घोडा दाबायचा. मग भिंतीवर शिंगं लावून फुशारक्या मारायच्या. मला त्याची चीड होती. मला सगळं स्वतः करायचं होतं.

चार महिने मी तयारी केली. जंगल खात्याच्या ऑफिसातल्या नकाशावर पातळ कागद ठेवून ब्लॉक गिरवून आणला. अख्खं सांबर म्हणजे पाच-सहा मण वजन, ते दोघांनी उचलून आणायचं कसं? म्हणून नियम केला की बैलबंडी जिथं उभी राहील तिथून दोन मैलांच्या पलीकडे गोळी घालायची नाही. चाळीस हात दोर, चार बारदानी पोती, कातड्याला चोळायला मीठ, दोन सुरे, पाण्याचं कॅन, शेव-चिवडा. सगळं दुकानच्या काट्यावर तोलून दोघांत सारखं वाटलं. पोती, मीठ, सुरे भाऊजींकडे. बंदूक, दोर आणि पाणी माझ्याकडे. पाणी एकाकडेच ठेवण्यात चूक आहे हे त्या काट्यानं दाखवलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, करडी गावचे. धानाची शेती, स्वभावानं गाय. मी म्हटलं आणि ते तयार झाले. ताईला हे अजिबात पसंत नव्हतं. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, कडेवर चार महिन्यांची पोर होती. निघताना ती मला मागच्या दारी घेऊन गेली आणि म्हणाली, "मधू, यायले जंगलातलं काईच समजत नाई. तू म्हणतेस म्हून येऊन रायले. जसे नेतेस तसेच आणून देजो."

मी म्हटलं, ताई, मी कागदावर सगळं लिहून काढलंय, तू कशाला जीव टांगणीला लावतेस.

आम्ही गेलो ते जंगल साकोलीपासून अकरा-बारा कोसांवर. गावाचं नाव देत नाही, तिथली माणसं अजून आहेत. शिमगा होऊन आठ दिवस झाले होते. मोह पडायला लागला होता आणि फुलं वेचायला सोपं जावं म्हणून गावकऱ्यांनी झाडांखालचा पाचोळा जाळून ठेवला होता. जिकडे पहावं तिकडे जमिनीवर राखेचा थर. गावात डोमाजी नावाचा म्हातारा शिकारी होता. वाटाडे म्हणून सगळे त्यालाच न्यायचे. मी नेत नाही म्हटल्यावर तो रागावला नाही. एवढंच म्हणाला की मले नको नेऊ, पण एक दिवस गावात बस आन आमच्या वाटेच्या खुणा समजून घे. मी म्हटलं, खुणा मी माझ्या करतो.

आणि केल्या! आदल्या दिवशी दुपारी मी एकटा जाऊन आलो. जिथं वाट फुटत होती तिथं जायच्या वाटेवर पळसाची एक एक डाहाळी आडवी टाकून आलो. बेत असा होता की मी पहाटे सरळ वाटेनं जंगलातल्या बोडीवर जाऊन बसायचं. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव. भाऊजींनी उजाडल्यावर पूर्वेकडून वळसा घालून, डाहाळ्या पाहत पाहत, जरा आवाज करत यायचं. जनावर त्यांच्यापुढे सरकत पाण्यावर येईल आणि नऊ-साडेनऊपर्यंत भाऊजीही येतील. बंडीवाल्याला चार वाजता जंगलाच्या तोंडाशी बोलावलं होतं.

नऊ वाजले. दहा वाजले. जनावर नाही, भाऊजी नाही.

साडेदहाला मी उठलो आणि शोधायला लागलो. डाहाळ्यांच्या वाटेनं उलटा चालत गेलो, पुन्हा आलो, आजूबाजूचे नाले पाहिले. हाका मारून मारून घसा बसला. चैतासारखं ऊन, पानगळ झालेली, सावली नावाला नाही. आणि भाऊजींचं पाणी माझ्या खांद्यावर डुचमळत होतं. प्रत्येक पावलाला तो आवाज ऐकू यायचा आणि ताईचं तोंड डोळ्यांपुढं यायचं. गावात जाऊन माणसं आणावीत तर जाण्यायेण्यात तीन-चार तास जाणार. तेवढ्यात ते बोडीवर आले तर? दोनच्या सुमारास मी पुन्हा बोडीवर येऊन करंजाच्या झाडाखाली मटकन बसलो आणि खरं सांगतो, रडलो.

मग ती यायला लागली.

आधी चितळं आली, पंधरा-वीस असतील. मग दोन नीलगाई. मग रानडुकराची मादी, मागे पिल्लांची रांग. माकडं झाडावरून उतरून खाली बसली. मी हललोसुद्धा नाही. वाटलं, उन्हाचं पाण्यावर आली असतील. पण कोणी पाणी पिईना! एवढ्या उन्हात, पाण्यापासून चार हातांवर, आणि एकाही जनावराचं तोंड पाण्याकडे नाही. सगळी पाठ करून उभी. सगळ्यांचे कान एकाच दिशेला, पूर्वेला. डुकराची पिल्लं तरी घटकाभर गप्प राहतील का? तीही उभी.

सगळ्यात शेवटी सांबर आलं. सांबर दिवसा असं उघड्यावर येत नाही, हे शिकार न केलेल्यालाही माहीत असतं. हे आलं. घोड्याएवढा नर, मानेला काळी आयाळ, शिंगं अशी की मी चार महिने डोळे मिटून तीच पाहत होतो. माझ्यापासून तीस पावलांवर येऊन ते थांबलं आणि त्यानंही पूर्वेकडे तोंड केलं.

मी बंदूक उचलली. तेव्हा काय झालं ते शेवटी लिहितो. आत्ता एवढंच की गोळी सुटली नाही.

मग मी उभा राहिलो. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, माझा वास त्यांना नक्की जात होता. एकही पळालं नाही. मी चालायला लागलो, त्या जनावरांच्या मधून. का गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. चितळं माझ्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर होती. सांबराच्या जवळून गेलो तेव्हा त्याच्या श्वासानं आयाळ हलताना दिसत होती, अंगाला चिखलाचा वास होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भीती म्हणाल तर नव्हती. लहानपणी देवळाच्या गाभाऱ्यात पहिल्यांदा नेलं होतं तेव्हा छातीत जसं झालं होतं, तसं काहीतरी होत होतं. हातपाय हलके झाले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ती पाहत होती त्या दिशेनं मी सरळ गेलो. वाट नव्हती. दोन-अडीच फर्लांगांवर पडक्या भिंतींचे दगड लागले. ती रिठी होती, म्हणजे कधीकाळी उठून गेलेलं गाव. माझ्या गिरवलेल्या नकाशावर तिचा पत्ता नव्हता. मधे कठडा नसलेली कोरडी विहीर. वाकून पाहिलं तर तळाशी भाऊजी. मी हाक मारली. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मधू, पाणी सोड बाबू."

कॅन सोडलं. मग मोहाच्या बुंध्याला दोर बांधून, खाली सोडलेल्या फासात त्यांना बसायला लावून, कसंबसं वर ओढलं. डावा पाय घोट्यात मोडला होता. त्यांचा डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा पडताना वरच्या झुडपात अडकून राहिला होता. सकाळी नऊपासून ते उघड्या डोक्यानं तिथं पडून होते आणि अकरानंतर ऊन थेट विहिरीत उतरलं होतं.

त्यांना मी टेकून बसवलं तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "ते कुठी गेलं?"

मी विचारलं, कोण?

"सांबर. ऊन आत आलं तवापासून काठावर उभं होतं. मुंडकं आत घालून. त्याची सावली माह्या तोंडावर पडे. ऊन सरकलं का तेबी सरके. तू हाक मारली तवा बाजूले झालं."

 अकरापासून माझ्या हाकेपर्यंत ते काठावर होतं म्हणतात, आणि मी तर ती हाक मारायच्या पाव तास आधी सांबराला बोडीवर हात लागेल एवढ्या जवळून पाहिलं होतं.

विहिरीच्या चहूबाजूंनी मोहाची झाडं होती, म्हणजे चहूबाजूंनी राख होती. मी नीट पाहिलं. दुकानदाराची नजर आहे माझी. राखेत भाऊजींच्या चपलांचे ठसे होते आणि माझे होते. खुराचा एक ठसा नव्हता.

वाट चुकली कशी, तेही तिथंच भाऊजींकडून कळलं. एका फाट्यावर त्यांना दोन डाहाळ्या दिसल्या, एक सुकलेली आणि एक ताजी. त्यांना वाटलं, मधूनं सकाळी बेत बदलला असेल, ताजी त्याचीच असणार. ते ताज्या डाहाळीच्या वाटेनं गेले. शोधताना मीही त्या फाट्यावरून गेलो होतो, पण माझी सुकलेली पाहून पुढं सरकलो, ताजी नजरेतच आली नाही. भाऊजींना पाठीवर घेऊन मी जंगलाच्या तोंडाशी आणलं. चार वाजता बंडी आली तेव्हा सोबत डोमाजीही आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की त्यांच्याकडे वाटेवर आडवी डाहाळी म्हणजे इकडे जाऊ नका, पुढं धोका आहे. मोह वेचणाऱ्या बायकांनी त्या विहिरीपायीच पहाटे ती टाकली होती. म्हणजे मी आदल्या दिवशी ज्या ज्या वाटेवर डाहाळी टाकली, ती ती वाट गावापुरती बंद करून आलो होतो. डोमाजी मला एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. सांबराचं सांगितलं तेव्हा त्यानं फक्त पागोटं काढून हातात धरलं. मी विचारलं, हे काय होतं? तर म्हणे, मले काय माहीत बाबू, मी कंदी पाह्यलं नाई.

दवाखान्यात डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं की तोंडावर कापड धरलं होतं का. कारण दोन्ही हात कोपरापासून खाली उन्हानं सोलून निघाले होते, पायांवर फोड आले होते, आणि चेहरा मात्र जसाच्या तसा होता. उन्हाच्या गुंगीत माणसाला काहीबाही दिसतं, हे मलाही कळतं. पण गुंगीनं सावली पडते का?

भाऊजी त्यानंतर चाळीस वर्षं जगले. पाय जरा फेंगडा पडायचा, बाकी ठणठणीत. तीन पोरींची लग्नं त्यांनी स्वतः लावून दिली. ताई ऐंशीच्या पुढं आहे आणि करडीलाच असते. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली आहे आणि दरवेळी ती ऐकणाऱ्याला सांगते, माह्या भावानं बंदूक खाली ठेवली म्हून हे परत आले.

तर आता ते शेवटी लिहायचं राहिलेलं.

मी बंदूक खाली ठेवली नव्हती. नेम धरला होता. त्या क्षणी, देवाशपथ सांगतो, मला भाऊजी आठवत नव्हते, ताई आठवत नव्हती, चार महिन्यांची भाची आठवत नव्हती. फक्त शिंगं दिसत होती. मी घोडा दाबला. खट् झालं, बार उडाला नाही. उडाला असता तर जनावरं दाही दिशांना पळाली असती. मी सुरे कुठं राहिले म्हणत त्या सांबरापाशी बसलो असतो, आणि भाऊजी विहिरीत राहिले असते. पुढच्या रविवारी धानाच्या मोकळ्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, मी तेच काडतूस पुन्हा घातलं. काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर घोडा आपटल्याचा खळगा होता. दाबलं, आणि बार उडाला. काडतूस कधी कधी दगा देतं, मीच गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलं असेल. पण त्या दिवशी ते नेमकं तेव्हाच अडकलं. 

बंदूक मी त्याच महिन्यात ठाण्यात जमा केली. सगळ्यांना वाटलं, मधू घाबरला. वाटू दिलं.

ही नात येत्या रविवारी करडीला जाणार आहे आणि हे ताईला वाचून दाखवणार आहे. ताई, इतकी वर्षं तू मला ओवाळलंस, आणि मी पाटावर बसून ओवाळून घेतलं. मी त्यांना वाचवलं नाही. ज्यानं वाचवलं, त्याच्यावरच मी घोडा दाबला होता.