सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत

आमचे हे सहा वेळा आमदार झाले. तीस वर्षं म्हणजे काय थोडीथोडकी नव्हेत! घरी यांना स्वतःचा चष्मा सापडायचा नाही, पण बाहेर लोक 'साहेब, साहेब' करत मागे धावायचे. मी नाही धावले.

माझं माहेर यांच्याच मतदारसंघात, पण नदीच्या पलीकडे. पूल नाही, जायचं तर होडीनं. माझी आई पाण्याला इतकी घाबरायची, की लेकीचं घर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. माझी मुलं झाली, त्यांची लग्नं झाली, तरी आई आली नाही. पहिल्या निवडणुकीलाच मी यांना बजावलं होतं, "बाकी काही करू नका. माझ्या आईला एकदा माझ्या घरात आणा."

तेव्हापासून हे प्रत्येक अधिवेशनात पुलाचा प्रश्न टाकायचे. सरकारं बदलली, मंत्री बदलले, उत्तर तेच, "बाब विचाराधीन आहे." मग हे तोंड पाडून होडीत बसायचे, पलीकडे जायचे आणि सासूला सांगायचे, "यंदाही नाही जमलं." आई चहा द्यायची. होडीतून येणारा उमेदवार एवढा एकच, त्यामुळे त्या काठाची सगळी मतं यांनाच पडायची.

सहाव्या खेपेला मंत्र्यांनी यांच्या कानात सांगितलं, "या वेळी विचारा. मी हो म्हणतो." झालं, हे हवेतच! मला नेऊन सभागृहाच्या प्रेक्षक गॅलरीत बसवलं.

नेमके त्या दिवशी अध्यक्ष आजारी. सगळ्यात जुने सदस्य म्हणून यांनाच त्यांच्या खुर्चीत बसवलं. काय तो रुबाब! यादीतून एकेक नाव पुकारायचं, तो सदस्य उठून प्रश्न विचारायचा. जागेवर नसेल तर प्रश्न बाद, असा तिथला नियम. सतरावा प्रश्न आला. यांनी खणखणीत आवाजात स्वतःचंच नाव पुकारलं आणि आपल्याच रिकाम्या बाकाकडे पाहिलं. कोणी उठेना. पुन्हा पुकारलं. मग म्हणाले, "सन्माननीय सदस्य जागेवर नाहीत. प्रश्न बाद."

बाद! उत्तराचा कागद घेऊन मंत्री अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले. मला राहवेना. मी वरून ओरडले, "अहो, ते तुम्हीच की!"

यांनी वर न बघता घंटा वाजवली. "गॅलरीतल्या बाईंना बाहेर काढा."

मला न्यायला आलेला शिपाई इतका हसत होता, की जिन्यावर मीच त्याला धरलं. पुढे तीन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. इकडे वर्तमानपत्रांनी पार धिंडवडे काढले. मंत्री म्हणे पोट धरधरून हसले आणि हसता हसताच त्यांनी पुलावर सही केली. तीस वर्षांच्या भाषणांनी झालं नाही ते एका फजितीनं झालं.

पूल उभा राहिला. आई म्हणाली, "खालून पाणीच जातं ना? मग मी नाही यायची." कपाळावर हात मारून घेतला मी!

आई आली नाही, पण विरोधकांच्या गाड्या धडाधड पलीकडे गेल्या. जगात दुसराही उमेदवार असतो हे त्या काठाला पहिल्यांदा कळलं, आणि पुढच्या निवडणुकीत हे सडकून आपटले.

निकालाच्या दिवशी दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं. हे बैठकीत खाली मान घालून बसले होते. इतकी वर्षं टोमणे मारले मी, पण त्या दिवशी यांचा चष्मा मीच शोधून हातात दिला.

तेवढ्यात दार वाजलं. उघडलं तर आई! चपला हातात. कठडा धरून, डोळे मिटून एकटीच पूल ओलांडून आली होती.

"आई, तू?"

माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. सरळ यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जावईबापू, 'जमलं नाही' सांगायला आता तुम्ही कशाला याल? म्हटलं, आपणच जावं."

निकाल ऐकून एक टिपूस न गाळलेला माणूस तिचा हात धरून हमसाहमशी रडला.