दुर्बिणीत सरळ उभी असलेली बाई

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. आमच्या घरात देव्हारा नाही, उपासतापास नाहीत, पुढच्या खोलीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावलेल्या. पप्पा अंबरनाथला एका कारखान्यात ऑपरेटर होते. लहानपणी कुणी म्हणालं की त्या चिंचेखालून जाऊ नकोस, तर ते मुद्दाम मला तिथेच डबा खायला बसवायचे. अशा घरातली मी. या सदरात इतरांचे अनुभव वाचताना मनात पहिला विचार यायचा तो झोप कमी झाल्याचा, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढल्याचा. म्हणून माझं हे लिहायला एवढी वर्षं गेली.

गोष्ट दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी उल्हासनगरच्या एका छोट्या सर्व्हे फर्ममध्ये लागले होते. मालक वयस्कर सिंधी गृहस्थ, सगळे त्यांना साईं म्हणत. बदलापूर तेव्हा डोळ्यांदेखत वाढत होतं. कात्रपला चार महिन्यांनी गेलं तर वळण ओळखू येत नव्हतं, एवढ्या बिल्डिंगी. गाड्या वाढवायच्या तर रूळ वाढवायला हवेत, म्हणून कल्याणच्या पुढे जादा लाइनी टाकायची बोलणी चालली होती. त्यासाठी जमिनीचे चढउतार मोजायचं काम या हातातून त्या हातात जात, त्यातला एक लहानसा तुकडा आमच्याकडे आला. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधला, रुळांच्या पूर्वेचा. नाला ओलांडला की पडीक भातखाचरं, घाणेरीची झुडपं आणि मध्येच कुणीतरी रोवलेले प्लॉटचे दगड.

काम साधं. मी तिपाईवरच्या लेव्हलच्या, म्हणजे उंची मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून बघायचं. समोर तीस-चाळीस मीटरवर भास्करकाका स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उंच पट्टी, सरळ धरून उभे राहणार. पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत टिपायचा, जमिनीत ठोकलेल्या पुढच्या खुंटीवर जायचं. भास्करकाका जवळच्याच गावातले आगरी. पन्नाशीचे, कमी बोलणारे, डोक्याला कायम टॉवेल बांधलेला.

आमचं चांगलं मशीन त्या आठवड्यात रिपेअरला गेलं होतं. साईंनी कपाटातून एक जुनी डम्पी लेव्हल काढून दिली. “बेटा, चार दिन इससे चला ले. पुराना माल है, धोखा नहीं देगा.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — या जुन्या लेव्हलमधून सगळं उलटं दिसतं. जमीन वर, आकाश खाली. माणूस डोकं खाली, पाय वर असा लटकलेला. आकडे वरून खाली वाचायचे. पहिल्या दिवशी गरगरतं, मग डोळ्यांना सवय होते.

डिसेंबरची सकाळ होती, साडेनऊ-दहा. ऊन स्वच्छ, हवेत अजून गारवा. हे मुद्दाम सांगते, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवर हवा थरथरते आणि नजर फसू शकते. तसं काही नव्हतं. मी सतरा नंबरच्या खुंटीकडे दुर्बीण रोखली. उलटे भास्करकाका दिसले, उलटी पट्टी दिसली... आणि त्यांच्या डाव्या हाताला एक बाई.

सरळ.

गवत वरून लटकत होतं, काका वरून लटकत होते, आणि ती मात्र डोकं वर, पाय खाली अशी उभी होती. पायांखाली नुसतं आकाश. हिरवट पातळ, केसांचा अंबाडा. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून ती स्वतःच्या पायांखाली बघत होती, जिथे दुर्बिणीत नुसतं आभाळ होतं.

मी डोळा बाजूला केला. समोर काका एकटेच. पुन्हा डोळा लावला — ती होती. ओढणीने काच पुसली, फोकस पुढेमागे केला. काका पुसट झाले की तीही पुसट, काका स्पष्ट झाले की तीही स्पष्ट. मी कसाबसा आकडा वाचला, एक पूर्णांक चारशे साठ, आणि हात वर करून पुढे चला म्हणाले. अठराव्या खुंटीवर फक्त काका होते.

कुणाला बोलले नाही. काय बोलणार? दिवसभर मात्र एका जागी उभं राहवेना. चहा अर्धा टाकला. वहीत खाडाखोड झाली. आधीच साइटवर मी एकटी मुलगी, त्यात हिला कायकाय दिसतं असं पसरलं असतं तर साईंनी मला ऑफिसात नकाशे रंगवायला बसवलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आकडे तपासले तर सतरा नंबर जुळेना. पंधरा दिवसांपूर्वी चांगल्या मशीनने घेतलेल्या मापापेक्षा ती जागा अडीच सेंटीमीटर खाली आली होती. साईं म्हणाले, “फिर से ले ले. गुरुवार को बोअरिंग वाली गाड़ी वहीं खड़ी होगी, लेव्हल पक्का चाहिए.” मातीची परीक्षा करायला जमिनीत भोक पाडणारं ते मशीन ट्रकवर बसवलेलं असतं, चांगलंच जड. सोबत चार-पाच माणसं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. सतरा नंबरकडे दुर्बीण रोखली. ती होती. या वेळी काकांच्या अगदी जवळ, आणि वाकलेली. हाताचा तळवा पसरून काहीतरी चाचपत असल्यासारखी.

मी सरळ काकांकडे चालत गेले. “काका, तुमच्या बाजूला कुणी उभं आहे का?”

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. “नाय. कोन?”

मी सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते हसले नाहीत. पायांखाली बघत म्हणाले, “मना बघू दे. तू धर पट्टी.”

“तुम्हाला फोकस...”

“बारा वर्सं ह्याच धंद्यात हाय मी. धर.”

मी पट्टी घेऊन सतरा नंबरवर उभी राहिले. काका मशीनकडे गेले, वाकले, डोळा लावला. मी समोर त्यांच्याकडेच बघत होते. एखादं मिनिट ते हलले नाहीत. मग त्यांनी डोळा बाजूला घेतला, डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने मला बोलावलं. आम्ही खुणेनेच बोलायचो — जरा डावीकडे, जरा उजवीकडे. ही खूण तशी नव्हती. सगळं सोडून ये, अशी होती. मी पट्टी टाकली आणि चालू लागले. मी थांबल्यासारखी झाले की त्यांचा हात पुन्हा हलायचा. त्यांच्यापाशी पोचेपर्यंत तो हलतच होता.

“दिसली?” मी विचारलं.

ते झुडपाकडे वळले. तिथून खुंट्या ठोकायची पहार उचलली, सतरा नंबरच्या अलीकडे पोटावर आडवे झाले आणि हात लांब करून पहार जमिनीत मारली. दुसऱ्या घावाला खालून पोकळ आवाज आला. चौथ्याला पहार जवळजवळ हातातून सुटली.

साईंना फोन केला. ते रिक्षाने आले, दोन माणसं घेऊन. वरची माती काढली तर खाली सागाच्या फळ्या, कुजून काळ्या झालेल्या, आणि त्यांच्याखाली दगडांनी बांधलेली विहीर. किती खोल, ते आम्ही मोजलं नाही. दगड टाकला, पाण्याचा आवाज यायला वेळ लागला. साईंनी कमरेवर हात ठेवून आत बघितलं. मग म्हणाले, “गुरुवार को गाड़ी... पाँच आदमी होते, बेटा.” विहीर भरून घेतली, नकाशात नोंद झाली, खुंट्या सरकवल्या.

आता, यातला अर्धा भाग मी समजावून सांगू शकते. फळ्या कुजत होत्या, दबत होत्या, म्हणून माप बदलत होतं. बरोबर. पण बाई? आमच्या पॉलिटेक्निकच्या सरांना भेटले. ते म्हणाले, “काच हलली तर सगळं चित्र बिघडेल. एकच माणूस सरळ आणि बाकीचं उलटं, असं कुठल्याही काचेत होत नाही.” काकांच्या गावातही विचारलं. ती जमीन ज्यांची होती ते ती विकून कधीच निघून गेलेले. तिथे कुणी बाई पडली, बुडाली, असं कुणालाच आठवत नव्हतं. विहीर होती हेसुद्धा फक्त एका म्हातारीला आठवलं, आणि तीही म्हणाली की पाणी गोड होतं, बाकी काही नाही.

काका मात्र कधीही विचारलं की विडी पेटवायचे.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेले. दुपारच्या पंगतीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. त्या दिवशी मन भरून आलेलं होतं त्यांचं. मी परत विचारलं, “काका, आता तरी सांगा. ती तुम्हालाही दिसली ना?”

“बाई? मना कोनी बाई नाय दिसली.”

“मग?”

ते पानातला भात चिवडत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “पट्टी उलटी होती. झाडा उलटी होती. तू सरळ उभी होतीस, पोरी.”

“म्हणजे काय, काका?”

“म्हाईत नाय. इचार करीत बसलो नाय मी. हात हलवला.”

एवढं बोलून ते वाढप्यांकडे बघायला उठून गेले.

मी अजूनही सर्व्हेच करते. मशीनं बदलली, आता सगळं स्क्रीनवर दिसतं आणि सरळ दिसतं. ती कोण होती, काकांना मी तशी का दिसले, मी अजून थोडा वेळ तिथे उभी राहिले असते तर काय झालं असतं — याचं कुणी दिलेलं उत्तर मला पटत नाही. नक्की सांगता येईल असं एकच आहे. त्यांनी का बोलावलं हे मी विचारलं नव्हतं. त्याआधीच मी चालू लागले होते.