उस्तादांचे हात मागे

आमच्या ह्यांना गप्प बसण्याचं क्रेडिट मिळवायचं होतं आणि ते मिळेल यावर घरात कोणाचाही विश्वास नव्हता. माझा तर नव्हताच.

हे एसीचे उस्ताद. रत्नागिरीत आयटीआय केलं, मग बहारीनला येऊन मीना सलमान बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये पाने-पक्कड चालवली, आणि आता बरीच वर्षं तिथल्याच एका ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवतात. शिकवण्याची पद्धत म्हणाल, तर कोकणातून इकडे आलेल्या सगळ्या उस्तादांची असते तीच. समोरचा चुकला, की "सरक" म्हणायचं, त्याच्या हातातला पाना काढून घ्यायचा आणि काम स्वतः करून मोकळं व्हायचं. ह्यांचे उस्ताद तसेच होते, त्या उस्तादांचेही तसेच असणार. ह्यांच्या हाताखालून गेलेली माणसं अजून भेटतात ती ह्यांची "सरक"ची नक्कल करत, आणि अगदी प्रेमाने.

मग नवी पद्धत आली. पूर्वी दोन वर्षांचा कोर्स असायचा आणि शेवटी एकच परीक्षा. मध्येच ड्यूटी बदलली, गावी जावं लागलं, की सगळं पाण्यात. आता त्या कोर्सचे छोटे छोटे भाग केले, प्रत्येक भागाला ठरावीक क्रेडिट, आणि एकदा मिळालेलं क्रेडिट तुमच्या नावावर कायमचं. अस्कर गावातल्या कारखान्यात शिफ्ट करणारा माणूस या वर्षी थोडे भाग करील, पुढच्या वर्षी राहिलेले. पूर्वी अख्खी राइसप्लेट घ्यावी लागायची, आता नुसती आमटी मागवली तरी चालते, असं मी ह्यांना समजावलं. ह्यांना पद्धत मनापासून आवडली. किती चांगल्या हाताची माणसं शेवटच्या परीक्षेपायी कोरी परत गेली, हे ह्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

गोम पुढेच होती. प्रत्येक भागाचं काम उमेदवाराने स्वतःच्या हाताने करून दाखवायचं आणि उस्तादाने ते फक्त बघायचं. हात लावायचा नाही, सुचवायचं नाही. असं बघता येतं हे सिद्ध करायला उस्तादांनाही परीक्षा, आणि तिचंही क्रेडिट. ह्यांचे बाकीचे सगळे भाग पहिल्या फटक्यात झाले. अडलं ते या बघण्यात. संधी तीनच होत्या, आणि तिसरी हुकली तर इन्स्टिट्यूट ह्यांना शिकवायला ठेवणार नव्हती. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि आमचा तिघांचा व्हिसा त्या एका नोकरीवर होता. लेक बारावीला. मधल्या वर्षात तिला चिपळूणला नेऊन कुठल्या कॉलेजात घालणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

पहिल्या खेपेला उमेदवाराने स्क्रू ड्रायव्हर उलट्या बाजूला फिरवला आणि ह्यांनी तो काढून घेतला. "सरक" म्हणाल्यावरच आपण कुठे आहोत हे ह्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या खेपेला हात खिशात होते, पण घसा मोकळा होता. उमेदवार चुकीच्या वायरकडे वळला की हे खाकरायचे. त्या बिचाऱ्याला खुणेचा अर्थ चटकन कळला, आणि परीक्षा घ्यायला आलेल्या बहारीनी बाईंनाही. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं म्हणे, की उस्ताद, हे क्रेडिट त्याच्या नावावर लिहू की तुमच्या?

त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. मला रागही आला आणि कीवही आली. मग मीच फर्मान काढलं, की आता घरी तालीम. उमेदवार मी, परीक्षक लेक.

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून तांब्याचा पाइप मांडला. एसीच्या पाइपाचं तोंड फुलवून जोड करायचा असतो. त्यात एक गंमत आहे. नट आधी पाइपावर सरकवायचा आणि मग तोंड फुलवायचं, कारण एकदा तोंड फुललं की नट वर चढत नाही. मग पाइप कापा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मी दरवेळी नट विसरायचे. सुरुवातीला खरोखर, नंतर मुद्दाम. समोर खुर्चीत हे हात मागे बांधून बसलेले, कपाळावर घाम, ओठ आत दुमडलेले. लेक आमच्याशी मराठीत बोलायचे कष्ट घेत नाही. मोबाइलमधून मान वर न करता ती म्हणायची, "बाबा, नो फेसेस." तोंड वाकडं केलेलंही मोजलं जात होतं.

या संधीचा मी पुरेपूर फायदा घेतला, हे सांगायला हवं. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच बोलू शकत नव्हते. पाइप कापता कापता मी नणंदेबद्दलची माझी सगळी मतं ह्यांच्या कानावर घातली. रवा न भाजताच थंड पाण्यात टाकून उपमा केला. ह्यांनी तो गिळगिळीत गोळा पातेल्यात बघितला आणि हूं की चूं केलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे पास होतील.

परीक्षेच्या सकाळी गाडी मी चालवली. थंडीचे दिवस, एसी बंद, त्यामुळे वर्कशॉपचं शटर पूर्ण वर. "तू गाडीतच थांब," हे म्हणाले. मी शटरसमोरच गाडी लावली, म्हणजे आतलं टेबल मला स्वच्छ दिसत होतं.

उमेदवार होता रायगडकडचा, अस्करला कामाला असलेला, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेला गृहस्थ. ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीच एक. बाई हातात टॅबलेट घेऊन बाजूला उभ्या. त्याने पाइप कापला, कड घासली, साच्यात घट्ट बसवला. सगळं झकास. आणि नट टेबलाच्या कडेला तसाच.

इतक्या वेळा तीच चूक केलेली मी, मला तो नट गाडीतून दिसत होता. हात आपोआप हॉर्नवर गेला. दाबणारच होते, पण लेकीचा आवाज आठवला आणि दोन्ही हात मी मांडीखाली घालून बसले.

त्याने तोंड फुलवलं, पाइप बाहेर काढला, नट उचलला आणि थबकला. मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस, त्याला पक्कं ठाऊक, की आता उस्तादांचा हात येणार. हात आला नाही. हे समोरच्या भिंतीकडे बघत उभे होते. मला ह्यांची पाठ दिसत होती, आणि पाठीमागे बांधलेले हात. तो माणूस तसाच थांबला. मग त्याने पुन्हा हातातल्या पाइपाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि हसायला लागला. पाइप कापला, या वेळी नट आधी घातला, आणि नव्याने सुरू केलं. शेवटी गळती बघायला जोडाला साबणाचं पाणी लावलं, तर एक बुडबुडा नाही.

बाईंनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं, आणि बाहेरपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "खलास, उस्ताद. मबरूक." म्हणजे झालं, अभिनंदन.

मी गाडीतच रडले. चिपळूणचं कॉलेज, बांधायच्या बॅगा, सगळं एकदम डोक्यातून उतरलं.

हे आले, बसले, "चल" म्हणाले. मी रिव्हर्स घेतला. एरवी शेजारी बसून "मार, मार, बस" चालू असतं. आज काहीच नाही. गाडी मागच्या प्लास्टिकच्या पिंपाला धडकली.

"सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुझं क्रेडिट गेलं असतं," हे म्हणाले, आणि दोघंही पोट धरून हसलो.

सिग्नलला थांबल्यावर मी विचारलं, नट दिसला होता ना? त्याने पाइप उचलला तेव्हाच, हे म्हणाले. मी हॉर्नचं सांगितलं. म्हणजे तू नापास, असा ताबडतोब निकाल मिळाला. मग हे उजवं मनगट चोळायला लागले. त्यावर डाव्या हाताच्या नखांचे वण होते, अजून लाल.

"आपली चूक आपल्यालाच सापडली की माणूस खूश होतो गं," हे म्हणाले. "आजवर मी कोणाला तिथपर्यंत जाऊच दिलं नव्हतं."

सिग्नल हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, आणि ह्यांनी मला एका शब्दानेही सांगितलं नाही.